'ट्रम्प यांनी वटहुकूम काढला', 'बायडन यांनी महागाई वाढवली' : यात क्रियापद नक्की कुणाचं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या बातम्या मराठीत वाचताना "ट्रम्प यांनी वटहुकूम काढला", "ओबामांनी आरोग्य विम्याचा कायदा केला", "बायडन यांनी महागाई वाढवली" अशी वाक्यं सारखी दिसतात, तर ही मराठी म्हणून बरोबर आहेत का, वटहुकूम, अध्यादेश आणि कार्यकारी आदेश यातला नेमका शब्द कुठला, व्हेटोसाठी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या नकाराधिकारासाठी, "विधेयक फेटाळलं" चालेल का, आणि मुळात राष्ट्राध्यक्षाच्या हातात एवढं सगळं खरंच असतं का.

मला विचाराल तर हा शेवटचा प्रश्न आणि आधीचे सगळे प्रश्न एकच आहेत. मराठीत आपण क्रियापद निवडलं की ते काम कुणी केलं हेही त्यातच सांगून टाकतो, आणि या वाक्यांमध्ये नेमकं तेच हुकतंय. व्याकरण तिन्ही वाक्यांचं शुद्ध आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आधी वटहुकूम. वटहुकूम आणि अध्यादेश म्हणजे एकच गोष्ट, वटहुकूम हा पेपरातला आणि लोकांच्या तोंडचा शब्द, अध्यादेश हा कायद्याच्या पुस्तकातला. आपल्या राज्यघटनेच्या १२३व्या कलमात तो आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असेल ती वेळ सोडून, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती तो काढू शकतात, त्याला संसदेच्या कायद्याइतकाच जोर असतो, संसद पुन्हा भरली की तो तिच्यापुढे ठेवावा लागतो आणि भरल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने तो उचलून धरला नाही तर आपोआप संपतो. म्हणजे थोड्या दिवसांचा का होईना पण तो कायदाच. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं ते वटहुकुमानेच झालं. त्यावर सही होती व्ही. व्ही. गिरी यांची, ते तेव्हा हंगामी राष्ट्रपती होते, पण आपण आजही "इंदिरा गांधींनी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं" असंच म्हणतो आणि ते बरोबरच आहे, कारण निर्णय त्यांच्या सरकारचा होता. सही कुणी केली आणि काम कुणी केलं यातला फरक मराठी बोलणाऱ्याला पक्का कळतो, तो फक्त अमेरिकेबद्दल लिहितानाही पाळला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा वटहुकूम काढायचा अधिकारच नाही. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, सुट्टीवर असली तरी नाही. तो काढतो तो त्याच्या हाताखालच्या सरकारी खात्यांना दिलेला आदेश असतो, आणि त्या आदेशाला आधार लागतो, एकतर घटनेने थेट राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या अधिकाराचा किंवा काँग्रेसने आधीच करून ठेवलेल्या एखाद्या कायद्याचा. हे समजून घ्यायला राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे दोन आदेश शेजारी ठेवून बघावेत, यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जुलै १९४८ मध्ये त्यांनी ९९८१ नंबरचा आदेश काढून सैन्यात वंशावरून होणारा भेदभाव बंद करायला सांगितलं, काँग्रेसकडून तसा कायदा होण्याची तेव्हा काही आशा नव्हती, पण सैन्याचा सरसेनापती घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षच असतो त्यामुळे आदेश टिकला आणि पुढच्या काही वर्षांत सैन्य खरोखर बदललं. मग एप्रिल १९५२ मध्ये, कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगार संपावर जाणार म्हणून त्याच ट्रुमन यांनी दुसऱ्या आदेशाने देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. कारखानदार कोर्टात गेले आणि दोन महिन्यांच्या आत, २ जूनला, सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आदेश मोडीत काढला, कारण त्याच्या मागे ना घटनेतला अधिकार होता ना काँग्रेसचा कायदा. माणूस एकच, सहीही तीच, एक आदेश उभा राहिला आणि एक पडला. तो जर वटहुकूम असता तर १९५२ मध्ये निदान काँग्रेस निर्णय घेईपर्यंत तरी कायदा म्हणून चालला असता.

म्हणून लिहिताना "कार्यकारी आदेश" आणि बोलताना नुसतं "आदेश" किंवा "हुकूम", एवढं पुरे आहे. आपल्याकडच्या ओळखीच्या कागदांपैकी त्याच्या जवळ जाणारा कुठला असेल तर तो जीआर, म्हणजे शासन निर्णय, सरकारने आपल्याच यंत्रणेला काय करायचं ते सांगितलेलं असतं. आता जीआरलाही लोक सर्रास अध्यादेश म्हणतात, टीव्हीवर तर रोज, आणि ते मला फार खटकतं, कारण ज्याच्या आयुष्याचा प्रश्न त्या कागदावर अवलंबून असतो त्याला वाटतं कायदा झाला, आणि कायदा झालेला नसतो.

अमेरिकेतही हेच होतं. २० जानेवारी २०१७ ला, शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्प यांनी ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याबद्दल आदेश काढला. "ओबामाकेअर रद्द" अशा अर्थाचं त्याबद्दल काही वाचून कुणी समजलं असेल की संपला कायदा, तर तसं नव्हतं. आदेशात खात्यांना एवढंच सांगितलं होतं की कायद्याने दिलेल्या मोकळिकीत बसेल तेवढी त्याची अंमलबजावणी सैल करा. कायदा रद्द करायचा तर काँग्रेसनेच करायला हवा होता, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांचा, दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्या पक्षाचं, तरी त्याच वर्षी जुलैच्या शेवटी सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, ४९ विरुद्ध ५१ असं मतदान होऊन तो प्रयत्न पडला, स्वतःच्याच पक्षाच्या तीन सिनेटरांनी विरोधात मत दिलं. तो कायदा उभा राहिला.

तसंच "ओबामांनी कायदा केला". अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विधेयक मांडूसुद्धा शकत नाही, ते सभागृहाच्या सदस्यालाच मांडावं लागतं. आपल्याकडे मंत्री संसदेत बसतात, सरकारी विधेयक मांडतात आणि बहुमत सरकारचंच असतं म्हणून "सरकारने कायदा केला" हे चालून जातं. तिकडे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस ही दोन घरं वेगळी आहेत. तो आरोग्य विम्याचा कायदा मार्च २०१० मध्ये काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, प्रतिनिधिगृहात, २१९ विरुद्ध २१२ मतांनी पार पडला, म्हणजे चारच मतं इकडची तिकडे गेली असती तर पडला असता, आणि ती मतं ओबामांच्या खिशात नव्हती. म्हणून "काँग्रेसने कायदा केला, ओबामांनी सही केली" हे अगदी काटेकोर वाक्य.

पण काटेकोर वाक्यही कधी कधी खरं सांगायला कमी पडतं आणि तिथे मराठीकडे एक फार सुंदर सोय आहे, "करवून घेणे". लिंडन जॉन्सन यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा करवून घेतला असं म्हणा, बघा किती नेमकं बसतं. विधेयकाचा प्रस्ताव केनेडींनी १९६३ मध्ये पुढे केला होता, केनेडींची हत्या झाली, जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले, ते स्वतः आधी कित्येक वर्षं सिनेटमध्ये बहुमताच्या पक्षाचे नेते होते त्यामुळे कोण कशाने वळतो हे त्यांना तोंडपाठ होतं. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी भाषणं लांबवत लांबवत विधेयक अडवून धरलं होतं, शेवटी १० जून १९६४ ला चर्चा थांबवायचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी झाला आणि २ जुलैला सही. फोन केले, समजावलं, दटावलं, मिनतवाऱ्या केल्या, विरोधी पक्षाच्या नेत्यालाही बरोबर घेतलं. मत मात्र सिनेटरांनीच द्यायचं होतं. राष्ट्राध्यक्षाचा कायद्यावर प्रभाव किती याचं उत्तर या एका क्रियापदात आहे, जोर त्याचा असू शकतो, हात दुसऱ्यांचे. सगळ्या राष्ट्राध्यक्षांना हे जमत नाही, म्हणून "करवून घेतला" हे ज्याला जमलं त्याच्यासाठीच वापरावं, बाकीच्यांसाठी "सही केली".

आता महागाई. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण याच्यावर लोक मतं देतात.

मराठीत वाढणे-वाढवणे, घटणे-घटवणे, पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे अशा जोड्या आहेत. वाढली म्हटलं की वाढली, कुणी वाढवली ते सांगितलेलं नसतं, आणि वाढवली म्हटलं की कुणीतरी मुद्दाम हात घातलेला असतो. शिवाय "बायडन यांच्या काळात", "बायडन यांच्यामुळे" आणि "बायडन यांनी" हे तीन वेगवेगळे दावे आहेत, पहिला नुसता कॅलेंडरचा, दुसरा कारणाचा, तिसरा थेट कृतीचा. बातमीच्या मथळ्यात जागा कमी म्हणून तिसरा वापरला जातो आणि वाचणारा तो खरा धरतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, हे बायडन यांच्या काळात झालं, शंभर टक्के खरं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये तो ११.१ होता आणि युरो वापरणाऱ्या देशांत मिळून १०.६, तिथे तर बायडन राज्य करत नव्हते. कोविडनंतर माल वेळेवर पोचत नव्हता, मग युक्रेनचं युद्ध आणि त्यामुळे तेल, गॅस, धान्य भडकलं. हो, मार्च २०२१ मध्ये काँग्रेसने १.९ लाख कोटी डॉलरचं मदतीचं पॅकेज मंजूर केलं, बायडन यांनी ते मागितलं होतं आणि सही केली, लोकांच्या हातात पैसा आला, मागणी वाढली, त्याने महागाईला काही प्रमाणात हातभार लागला हे बरेच अर्थतज्ज्ञ मानतात, किती लागला यावर त्यांचं भांडण आहे. मग मराठीत "महागाईत भर घातली" म्हणा. भर घालणे म्हणजे आधीचं काहीतरी होतं आणि त्यात आणखी पडलं, अगदी तेच घडलं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण "रेगन यांनी महागाई कमी केली". १९८० च्या सुरुवातीला अमेरिकेत महागाई १४ टक्क्यांच्या वर गेली होती. ती मोडली मुख्यतः फेडरल रिझर्व्हने, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेने, पॉल व्होल्कर तिचे प्रमुख होते, त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला, कारखाने बंद पडले, १९८२ च्या अखेरीला बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली आणि १९८३ पर्यंत महागाई चार टक्क्यांच्या खाली आली. आणि व्होल्कर यांना नेमलं होतं कुणी, तर ऑगस्ट १९७९ मध्ये जिमी कार्टर यांनी, जे १९८० ची निवडणूक हरले. कार्टर यांनी महाग औषधाच्या चिठ्ठीवर सही केली आणि गुण रेगन यांच्या नावावर लागला. रेगन यांचं श्रेय एवढं की त्यांनी व्होल्कर यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही, १९८३ मध्ये पुन्हा नेमलं, आणि हे श्रेय लहान नाही. फेडच्या गव्हर्नरांची मुदत १४ वर्षांची असते, राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजूर करते, व्याजदर ठरवायला १२ मतं असतात आणि त्यात राष्ट्राध्यक्षाचं एकही नाही. त्यामुळे "राष्ट्राध्यक्षांनी व्याजदर कमी केले" हे वाक्य कुठेही दिसलं तर ते सरळ चूक समजावं.

मग राष्ट्राध्यक्षाला थेट कर्ता करायचंच नाही का? करायचं, जिथे काँग्रेसने आपला अधिकार त्याच्या हातात दिलाय तिथे बिनधास्त करायचं. आयात शुल्क हे त्यातलं सगळ्यात मोठं. घटनेप्रमाणे हे काम काँग्रेसचं. १९३० मध्ये ती अतिशय गाजलेली शुल्कवाढ झाली तेव्हा दर काँग्रेसनेच कायद्यात लिहिले होते, एक हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांना सही करू नका म्हणून विनवलं, त्यांनी केली, तरी "हूवर यांनी शुल्क वाढवलं" म्हणणं सैलच आहे. पण १९३४ पासून काँग्रेस हळूहळू हा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे सरकवत गेली, आणि २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं ते १९६२ च्या कायद्यातल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या कलमाखाली, काँग्रेसमध्ये मतदान न होता. इथे "ट्रम्प यांनी शुल्क लावलं" हे अक्षरशः खरं आहे. तसंच १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सन यांनी ९० दिवसांसाठी मजुरी आणि किमती गोठवल्या, काँग्रेसने आदल्या वर्षीच तसा अधिकार देणारा कायदा केलेला होता. "गोठवल्या" बरोबर. "महागाई संपवली" म्हणाल तर नाही, बंधनं उठल्यावर ती परत उसळली.

राहिलं व्हेटोचं. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्षाकडे आलं की रविवार सोडून दहा दिवसांत त्याने सही करायची किंवा कारणं देऊन परत पाठवायचं, मग दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर त्याच्या सहीशिवाय कायदा होतो. नियमाला धरून बघितलं तर "परत पाठवलं" किंवा "नकाराधिकार वापरला" हे नेमकं. पण फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६३५ विधेयकं अडवली आणि त्यातली फक्त ९ काँग्रेसला त्यांच्या विरोधात जाऊन कायदा करता आली, म्हणजे बहुतेक वेळा अडवलं की विषय संपतोच, तेव्हा बातमीत "फेटाळलं" लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. फक्त काँग्रेसचं पुढचं मतदान व्हायचं बाकी असेल तर नको. १९४७ मध्ये कामगार संघटनांना लगाम घालणारं टाफ्ट-हार्टली विधेयक ट्रुमन यांनी परत पाठवलं आणि तीन दिवसांत ते कायदा झालं, तिथे "फेटाळलं" छापून बसलेल्याला दुसऱ्या मथळ्यात ते फिरवावं लागलं असतं.