ऑइल काळं पडलं म्हणून बिघडलं का? इंजिन ऑइलमधल्या डिटर्जंटबद्दल शेतकऱ्यांचे प्रश्न

मृगाआधीच्या मशागतीची घाई सुरू झाली की आमच्याकडे बियाण्याइतकेच ट्रॅक्टरचे प्रश्न येतात. या पंधरवड्यात चौघांनी इंजिन ऑइलबद्दल विचारलं. चौघांचंही घोडं ‘डिटर्जंट’ या एकाच शब्दावर अडलं होतं, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

नवीन ऑइल टाकून रोटाव्हेटर वीस-पंचवीस तास चालवला, तर ऑइल काळंकुट्ट. भेसळीचं मिळालं का?

नुसत्या काळ्या रंगावरून तसं म्हणता येत नाही. डिझेल जळताना काजळी होतेच. ती पिस्टनला आणि रिंगांच्या खाचांना चिकटू न देणं हे डिटर्जंटचं, म्हणजे तेलात मिसळलेल्या सफाईच्या घटकाचं काम. सुटलेली काजळी तेलात तरंगत ठेवणारा घटक वेगळा, त्याला डिस्पर्संट म्हणतात. तेल काळं झालं याचा अर्थ घाण इंजिनात न बसता तेलात आली. शंभर तास चालूनही डिझेल इंजिनातलं तेल सोनेरी दिसत असेल, तर मी उलट त्याच्याकडेच संशयाने बघेन.

काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. गेजवर पातळी आपोआप वाढली, तेल पातळ झालं आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे, उतरतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. अशा वेळी ट्रॅक्टर उभा करून फिटरला बोलवा.

डिटर्जंट म्हणजे साबणच ना? मग तो वंगण धुऊन काढत नाही का? जास्त डिटर्जंटचं तेल घ्यावं की कमी?

हा प्रश्न खरा कळीचा. साबण म्हणणं तसं चूक नाही, पण हा कपड्याचा साबण नव्हे. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे, तेलात विरघळणारे हे क्षार असतात. धुण्याखेरीज त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे आम्ल मारणं. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होतं आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत), बेअरिंग खातं. तेलाची ही आम्ल मारायची ताकद टीबीएन या आकड्यात मोजतात. ट्रॅक्टरच्या नव्या ऑइलमध्ये तो साधारण ८ ते १२ असतो आणि तास भरतील तसा उतरत जातो. तेल ‘दिसायला बरं आहे’ म्हणून बदली पुढे ढकलू नका, असं आम्ही सांगतो ते याचसाठी. उतरलेला टीबीएन डोळ्यांना दिसत नाही.

मग जास्त घातलं तर? तिथे गणित उलटं फिरतं. हे क्षार जळले की राख उरते. ती पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर बसते आणि कडक झाली की लायनर घासून गुळगुळीत करते. गुळगुळीत लायनरवर तेल धरत नाही. शिवाय कॅम आणि टॅपेटवर झीज रोखणारा जस्ताचा थर बसतो, त्याच जागेवर डिटर्जंटही हक्क सांगतो. कंपनीने दोन्हींचं प्रमाण बसवलेलं असतं. वरून ‘इंजिन क्लीनर’ची बाटली ओतली की ते मोडतं. जहाजांच्या काही मोठ्या इंजिनांच्या सिलिंडर ऑइलमध्ये टीबीएन ७० किंवा त्याहूनही जास्त असतो, पण ती इंजिनं गंधकाने भरलेलं जड इंधन जाळतात. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग एवढाच आहे.

तेव्हा पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड (१५डब्ल्यू-४०, सीआय-४ वगैरे) बघूनच डबा घ्या आणि बदली तासांवर करा. आणि एक स्पष्टच सांगतो: धुळीपुढे कुठलाही डिटर्जंट हतबल आहे. एअर क्लीनरचा पाइप फाटलेला ठेवून महागडं ऑइल घालणारे मी बरेच पाहिलेत. त्यांच्या इंजिनचं काम निघतंच.

विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे, ऑइल फिल्टर नाही. फिटर म्हणतो, साधंच ऑइल टाका, डिटर्जंटवाल्याने इंजिन बसेल.

फिटरचं निम्मं खरं. वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेल्या इंजिनच्या चेंबरमध्ये गाळाचा थर असतो. डिटर्जंटवालं तेल तो सोडवतं, सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. म्हणून आधी चेंबर उघडून गाळ खरवडून काढा, जाळी डिझेलने धुवा, मग नवीन तेल भरा. पहिली बदली ठरलेल्या तासांच्या निम्म्यावर करा. पुढेही तास चुकवू नका, कारण फिल्टर नसल्याने तरंगणारी घाण फक्त जुन्या तेलाबरोबरच बाहेर पडते. तेल काढताना इंजिन गरम हवं.

ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये मिसळलं तर चालेल का?

नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळतं. ट्रॅक्टरच्या ऑइलमधल्या कॅल्शियमची राख प्लगवर साचते आणि पंप ऐन फवारणीत बंद पडतो. त्याला टू-टी ऑइलच, पंपाच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात. उरलेलं ट्रॅक्टरचं चांगलं ऑइल झाकण घट्ट लावून ठेवा, टॉपअपला उपयोगी पडेल.