संध्याकाळी उतरणारी पापणी

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची असून घरी विड्या वळते. दोन महिन्यांपासून तिची डावी पापणी संध्याकाळी इतकी खाली येते, की सुपातली विडी अर्धवट ठेवून ती बोटाने पापणी वर धरते. सकाळी मात्र डोळा पूर्ण उघडतो. शेजारी वयाचे कारण सांगतात. ऑपरेशन करावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ऑपरेशनची घाई करू नका. वयानुसार पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूला जोडणारा चिवट पट्टा) सैल पडतो हे खरे, पण तशी पापणी सकाळीही उतरलेलीच दिसते. आपण केलेल्या वर्णनावरून ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ची शंका येते, या आजारात शरीरातीलच प्रतिपिंडे (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश अडवतात. मिटलेल्या पापणीवर सुमारे २ मिनिटे बर्फ ठेवल्यावर ती निदान २ मिलिमीटर वर आली, तर नेत्रतज्ज्ञांचा संशय बळावतो. पुढे रक्ततपासणी आणि या आजाराशी संबंध असलेल्या छातीतील थायमस ग्रंथीसाठी सीटी स्कॅन करतात. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना सकाळ-संध्याकाळचे मोबाईलवरील फोटो न्या आणि चालू औषधेही दाखवा, कारण काही प्रतिजैविकांनी हा आजार बळावतो. (तंबाखूचे बोट डोळ्याला लावू नये, हेही आईंना सांगा.)

मात्र गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, किंवा पापणी एकाएकी उतरून डोके तीव्र दुखू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या वा त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर बेळगाव किंवा कोल्हापूर, जे लवकर गाठता येईल तेथील मोठ्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या.