पुण्याजवळ स्थलांतर करून येणारे शिकारी पक्षी मोजता येतात का? कुठे आणि कसे?

येतात, पण जॉर्जियातल्या बातुमीचे व्हिडिओ पाहून तशी अपेक्षा ठेवू नका. तिथे काळा समुद्र आणि डोंगर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात. आपल्याकडे ते विखरून येतात. म्हणून टेकडीवर बसून आभाळाकडे बघण्यापेक्षा संध्याकाळी माळावर जाऊन भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, मोजा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भोवत्या मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. दिवसभर सासवड, जेजुरी, सुप्याकडच्या माळांवर जमिनीलगत तरंगत नाकतोडे, सरडे टिपतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, एकत्र मुक्काम करतात. त्यामुळे मोजणी सोपी होते.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, गवतापासून दोन-तीनशे मीटर लांब बसा आणि पार अंधारेपर्यंत उठू नका. बरेच पक्षी अगदी शेवटी येतात. उतरलेला पक्षी पुन्हा उठतो, घिरटी घालून दुसरीकडे बसतो. तेव्हा ‘दिसले किती’ हे धरू नका; आत आले किती ते मोजा आणि बाहेर गेलेले वजा करा. दोघं असाल तर एकाने दुर्बीण सोडायचीच नाही, दुसऱ्याने लिहायचं.

माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराला राखाडी पंखावर काळी आडवी पट्टी असते. फिकट भोवत्याच्या नराला फक्त टोकाशी काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरी. तिन्हीसांजेला त्यांची जात ओळखणं फार अवघड. तिथे सरळ ‘भोवत्या, जात अनिश्चित’ लिहा. अंदाजाने घातलेल्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी मोलाची.

शहरात कचऱ्यावर फिरणाऱ्या घारी बहुतेक इथल्याच, त्या यात धरू नका. अमूर ससाणा बघायचा असेल तर नोव्हेंबरात लोणावळ्याच्या बाजूला नजर ठेवा. आफ्रिकेकडे जाताना अरबी समुद्र ओलांडण्याआधी तो सह्याद्रीवरून जातो.

दर आठवड्याला तोच माळ, तीच वेळ ठेवा आणि एकही पक्षी आला नाही तरी वहीत शून्य लिहा आणि त्या संध्याकाळची यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. माळ नांगरला गेला, प्लॉटिंग झालं, तर ते पुढे अशाच नोंदींतून दिसतं. मुक्कामाची नेमकी जागा मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फोटोसाठी गाड्या थेट गवतात घातल्या की पक्षी त्या रात्री उतरत नाहीत.