चकती सरकली, म्हणजे जबडा निकामी झाला का?

जबड्याच्या एमआरआयचा अहवाल हातात घेऊन येणाऱ्या स्त्रिया माझ्यासमोर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न ठेवतात : "मॅडम, चकती सरकली आहे असं लिहिलंय, उद्या तोंड उघडलंच नाही तर?" ही चकती म्हणजे कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात दोन हाडांमध्ये असणारी मऊ गादी. या सांध्याच्या विकारावर उपचार घेणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त असतात.

त्यांतलीच एक छत्तिशीची शिक्षिका. भाकरी चावताना कानाजवळ 'कट्' असा आवाज येई, म्हणून ती वरणभातावर आली होती. दंतवैद्यांनी तपासून धीर दिला होता. तरी अहवालातले ते वाक्य तिने इतक्यांदा वाचले होते की कागद घडीवर विरला होता.

मी तिला आधी चित्रच समजावले. एमआरआय तोंड मिटून आणि उघडून, असा दोन्ही स्थितींत काढतात. मिटलेल्या तोंडात पुढे सरकलेली चकती तोंड उघडताना पुष्कळदा जागेवर येते आणि तेव्हाच तो 'कट्' ऐकू येतो. काहीही तक्रार नसलेल्यांचे एमआरआय काढले, तरी सुमारे तिघांतल्या एकाची चकती सरकलेली आढळते.

"मग मला का दुखतं?" असे विचारून तिने ओठ मिटले आणि त्याच क्षणी कानाच्या पाळीखाली तिचा गाल टणक होऊन उचलला गेलेला मला दिसला.

"आत्ता तुमचे दात कुठे आहेत?"

ती थबकली. "एकमेकांवर. घट्ट."

शरीराची तक्रार विचारांच्याही आधी सवयीत शोधावी, ही माझी जुनी धारणा त्या उत्तराने पक्की झाली. अहवालाच्या धास्तीने ती दात आवळत होती, आवळून स्नायू दुखत होते आणि दुखले की अहवाल पुन्हा उघडला जात होता. मी तिला आरशावर, ओट्यावर आणि मोबाइलवर एकेक टिकली लावायला सांगितली : टिकली दिसली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला अलगद. दीड महिन्याने ती भाकरी खाऊ लागली होती. आवाज अजून होता, धास्ती मात्र ओसरली होती.

अहवालावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका. तोंड किती उघडते आणि दाबल्यावर कुठे दुखते, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारा. मात्र तोंड अचानक कमी उघडू लागले, सूज किंवा ताप आला, चेहरा बधिर झाला, तर माझ्याकडे न येता आधी त्यांच्याकडेच जा.