मिराज 2000सी: मिसाईल रेंजमध्ये सोडूनही का लागत नाही?

तुमचा प्रश्न असा, की डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळात मिराज 2000सी उडवताना लॉक पक्का असतो (म्हणजे रडारने लक्ष्य धरून ठेवलेलं असतं), समोरच्या काचेवर सोडण्याची खूण आली की तुम्ही सुपर 530डी हे मिसाईल सोडता, तरी ते बहुतेक वेळा चुकतं आणि सुखोई-27 चं मिसाईल मात्र तुम्हाला येऊन लागतं. मी पहिलं वर्षभर हेच भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं आजोळ मराठवाड्यातलं. ज्वारी भरायला आली की मामा माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा. तीन-चार गरके, मग एक दोरी सुटायची आणि खडा सूं करत कणसांवरून जायचा. खडा सुटला की मामाचं काम संपलं. हातात होता तेवढाच जोर खड्यात, पुढे तो कमीच होत जाणार. मिसाईलचं असंच आहे. धुराची रेघ बघून आपल्याला वाटतं, ते शेवटपर्यंत मोटरच्या जोरावर पळतंय. पण मोटर जळते मोजके काही सेकंद. नंतरचा सगळा प्रवास कमावलेल्या वेगावर, आणि हवा तो वेग सतत खात असते. समोरचा वळला की मिसाईललाही वळावं लागतं, आणि तो खर्चही त्याच शिलकीतून.

आता ती सोडण्याची खूण. समोरचा जसा येतोय तसाच येत राहिला तर मिसाईल पोचेल, एवढंच ती सांगते. तो तसा येत राहत नाही, सगळी अडचण इथेच आहे. एक हिशोब करून बघा. मी ग्वाल्हेरची, लष्कर नावाच्या भागात राहते. आमच्याकडून मुरैना चाळीसेक किलोमीटर. (थंडीत कुणी तिकडून येणार असलं की गजक आणायला सांगायची, इतकं जवळचं.) समजा तुम्ही ग्वाल्हेरवर आहात आणि सुखोई मुरैन्यावर, अंतर 37 किलोमीटर, म्हणजे 20 नॉटिकल मैल. तो सेकंदाला 265 मीटरने तुमच्याकडे येतोय. मिसाईलचा सरासरी वेग 800 मीटर धरा. सरळ येत राहिला तर 35 सेकंदांत गाठ पडते आणि मिसाईलला 28 किलोमीटर जावं लागतं. पण तुम्ही सोडताक्षणी त्याने पाठ फिरवली, तर त्याच मिसाईलला 69 सेकंद आणि 55 किलोमीटर लागतात. तोवर सरासरी 800 राहतच नाही. म्हणजे मिसाईल चुकत नाही हो, दमतं.

म्हणून सोडण्याआधी त्याच्या अंगात जोर भरायचा. 30,000 फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या 37 टक्के असते, 40,000 वर जेमतेम पाव. आमच्या किल्ल्याच्या तटावरून खाली भिरकावलेला दगड आणि उरवाई दरवाज्याशी उभं राहून वर फेकलेला दगड, एवढा फरक पडतो. मी एकदा 6,000 फुटांवरून 9 मैलांवरच्या लक्ष्यावर सुपर 530डी सोडलं आणि नंतर टॅकव्ह्यूमध्ये (झालेली लढत पुन्हा दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याचा वेग सेकंदासेकंदाने पाहत बसले. सुरुवातीला मॅक अडीचच्या पुढे, म्हणजे आवाजाच्या अडीचपटीहून जास्त. सुखोई एका बाजूला वळला, मग दुसऱ्या, आणि आकडा घसरगुंडीवरून आल्यासारखा उतरला. लक्ष्याजवळ पोचेपर्यंत ते मॅक एकच्या खाली होतं आणि सुखोई त्याच्यापुढून निवांत निघून गेला. त्या दिवसापासून मी 25,000 फुटांच्या खालून लांबचा नेम धरत नाही. सोडण्याआधी आफ्टरबर्नर लावून वेग वाढवते, आणि सोडताना नाक थोडं वर घेते, म्हणजे मिसाईल आधी पातळ हवेत चढतं.

पण माझ्या मते तुमची मोठी चूक सोडल्यानंतरची आहे. तुम्ही सोडून सरळ पुढे जात राहता. सुपर 530डी स्वतः रडार लावून शोधत नाही. तुमचं रडार लक्ष्यावर जो प्रकाशझोत टाकतं त्याची परत आलेली चमक धरून ते जातं. त्यामुळे शेवटपर्यंत लॉक धरावाच लागतो. पण लॉक धरायचा म्हणजे नाक त्याच्याकडेच ठेवायचं असं नाही! मिराजचं रडार डावी-उजवीकडे 60 अंशांपर्यंत बघतं. सोडल्याबरोबर 50 अंश वळा आणि लक्ष्याला रडारच्या कडेला ठेवा, यालाच क्रँक म्हणतात. त्याच्या दिशेने जाण्याचा तुमचा वेग 265 वरून 170 वर येतो. तीस सेकंदांत तुम्ही पावणेतीन किलोमीटर मागे राहता, आणि त्याच्या मिसाईलला तेवढं जास्त अंतर कापावं लागतं, तेही वाकड्या वाटेने. वळताना थोडी उंचीही सोडा, म्हणजे त्याच्या मिसाईलला दाट हवेत उतरावं लागेल.

सुखोई-27 चं आर-27ईआरही याच जातीचं, सुखोईच्या रडारवर अवलंबून. वजन साडेतीनशे किलो, पल्ला तुमच्यापेक्षा जास्त, आणि तो अशी सहापर्यंत घेऊन येतो, तुमच्याकडे दोन. पण त्यालाही शेवटपर्यंत तुमच्याकडे बघत राहावं लागतं. ज्याने आधी मान फिरवली त्याचं मिसाईल आंधळं झालं. म्हणून तुमचं मिसाईल लागलं नाही तरी त्याला वळायला लावलं तर त्याचं हवेतलं मिसाईल वाया जातं. काहीजण याच हिशोबाने पहिलं लांबूनच सोडतात. दोनच मिसाईल असताना मला ते पटत नाही. मी 12 ते 13 मैलांपर्यंत थांबते.

थांबायचं म्हणजे तोवर जगायचं. त्याने सोडलं की इशारा वाजतो. त्या वेळी तुम्ही लांब असाल तर पाठ फिरवून खाली निघून जा, लाज वाटून घेऊ नका, मिसाईल दमलं की परत या. जवळ असाल तर त्याच्या रडारला काटकोनात उडा. डॉपलर रडार जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या वेगावर वस्तू ओळखतं. काटकोनात तुम्ही ना जवळ येता ना लांब जाता, आणि खालच्या जमिनीत मिसळून जाता. हे नॉच. सोबत चॅफ, म्हणजे रडारला फसवणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या, सोडत राहा. मात्र तो वरून खाली बघत असेल तरच हे नीट जमतं. तुमच्या पाठीमागे नुसतं आकाश असेल तर मिसळायला काही उरत नाही.

आणि हाच पेच तुमच्यावरही उलटतो. जोर हवा म्हणून तुम्ही उंच गेलात की सुखोई तुमच्या खाली, जमिनीच्या पार्श्वभूमीवर, आणि त्याला नॉच करणं सोपं. यावर पक्का तोडगा नाही. मी चढून सोडते आणि क्रँकमध्ये उतरत उतरत त्याच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येते, म्हणजे तो काटकोनात वळायला लागेपर्यंत माझं रडार वर आकाशाकडे बघत असतं. हे हाताला बसायला मला दोन महिने लागले.

अमराम किंवा एसडी-10 ही मिसाईल असलेल्या विमानाशी मात्र लांबून लढायला जाऊ नका. त्यांचं मिसाईल शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार लावतं, सोडणारा मोकळा होऊन पळतो आणि तुम्ही लॉक धरून अडकता. तिथे डोंगरांच्या आडोशाने जवळ जा आणि मॅजिक 2 हे जवळच्या पल्ल्याचं मिसाईल वापरा. ते उष्णतेवर जातं, त्यामुळे त्याच्या रडार-इशाऱ्याला कळतच नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळाच्या धावपट्टीवरून 1985 पासून मिराज उडतात. आपल्याकडचं मॉडेल एच, खेळातलं फ्रेंच सी, पण सुपर 530डी आणि मॅजिक 2 ही जोडी आपल्या मिराजनेही वापरली आहे. डोक्यावरून तो आवाज गेला की मी आजही गच्चीत धावते, म्हणून तुमच्या प्रश्नावर गप्प राहवलं नाही.

सरावासाठी एक मिशन बनवा: एकच सुखोई, बिनमिसाईलचा, 30,000 फुटांवर. त्याच्यावर 20, 15 आणि 10 मैलांवरून सोडा, दर वेळी टॅकव्ह्यू बघा. आत्ताच्या हरलेल्या लढतीची फाइल ठेवली असेल तर सोडतानाची उंची, वेग आणि अंतर एवढे तीन आकडे इथे लिहा. मी बघून सांगते.