निराधारचे पंधराशे सोडून साडेतेरा हजारांची नोकरी धरू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की विधवा आहात, एक मुलगी आहे, संजय गांधी निराधारचे १,५०० येतात आणि आता चाकणला १३,५०० ची नोकरी मिळतेय, तर महिन्याचा खर्च कसा बसवू. त्यावर एकाने उत्तर दिलंय की पंधराशेपेक्षा साडेतेरा हजार जास्त, यात विचारायचं काय. त्या माणसाने तहसीलच्या पायऱ्या कधी झिजवलेल्या नाहीत हे उघड आहे. म्हणून लिहायला बसले.

२०२२ ची गोष्ट. पारनेर तालुक्यात माझं सासर. दोन मुलं, म्हणून मला तेव्हा बाराशे मिळायचे, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. रेशनला गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो. रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडून पॅकिंगला माणसं घेत होते, पगार ११,८००. दादा म्हणाला, घरबसल्या येतंय ते घे, पोरं लहान आहेत. मी ऐकलं नाही. पोरांना दिवाळीपर्यंत आईकडे ठेवलं आणि १२ सप्टेंबरला कामावर हजर झाले.

बचत गटातून १५,००० उचलले, शेकडा दोन व्याजाने. कारेगावला खोली घेतली, डिपॉझिट १०,०००, भाडं ३,५००. उरलेल्या पंधराशेत शेगडी, छोटा सिलेंडर, दोन पातेली आणि एक चटई.

मला वाटलं, एक तारखेला पगार होईल. तिथं हजेरी धरायचे मागच्या महिन्याच्या २१ पासून या महिन्याच्या २० पर्यंत, आणि पैसे पुढच्या १० तारखेला. म्हणजे रविवार सोडून माझे भरले फक्त आठ दिवस. १० ऑक्टोबरला खात्यावर पडले ३,१६७. मी सुपरवायझरला विचारायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे." बरोबरच होतं. पण त्या ३,१६७ मध्ये १० नोव्हेंबरपर्यंत जगायचं होतं, आणि मध्ये दिवाळी. भाड्यासाठी कानातले ठेवले. ठेकेदाराच्या माणसांना बोनस नाही, मिठाईचा एक बॉक्स दिला. तोच घेऊन माहेरी गेले भाऊबीजेला.

ओवाळलं. दादाने ताटात पाचशेची नोट टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तरी सांगत होतो, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको." वहिनी खाली मान घालून डब्यात लाडू भरत होती. मी नोट उचलली. नको म्हणायची ऐपत नव्हती.

तर तुमचं बजेट. पगार किती यापेक्षा पहिला पूर्ण पगार कोणत्या तारखेला हातात येणार, हे आधी विचारा. लाजू नका. तिथपर्यंतचं भाडं, किराणा आणि जाण्यायेण्याचे पैसे वेगळे काढल्याशिवाय गाव सोडू नका. दोन महिने धरा.

दुसरं, १३,५०० हातात येत नाहीत. पूर्ण पगारावर पीएफ कापला तर १,६२०, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, शंभरेक. माझे व्यवसाय कराचेही २०० जायचे, आता बायकांना २५,००० पर्यंत तो माफ आहे. म्हणजे तुमच्या हातात पावणेबारा हजार. त्यातून पंधराशे वजा करा, कारण ते बंद होणार. या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं, तुमचे दोन महिन्यांतच त्याच्या वर जातील. रेशनचं धान्य आता फुकट आहे, माणशी पाच किलो. उत्पन्न वाढलं म्हणून ते गेलं तर दोघींचं दहा किलो धान्य दुकानातून आणावं लागेल, तोही पगारातूनच खर्च. मुलीला लगेच इंग्लिश मीडियमला टाकू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं मिळतात, दुपारी पोटभर मिळतं. शेजारणी काय म्हणतात ते म्हणू देत.

एवढं सगळं वजा करूनही नोकरीच धरा. दादासारखी माणसं पीएफला कापलेले पैसे म्हणतात. तीन वर्षांनी मी पासबुक पाहिलं, व्याजासकट सत्तर हजारांच्या आसपास. बाराशे घेत बसले असते तर कुठून आले असते? धाकट्याला न्यूमोनिया झाला तेव्हा ईएसआयच्या दवाखान्यात दाखवलं, औषधाचा रुपया लागला नाही. आणि दर वर्षी हयातीचा दाखला घेऊन, मी अजून निराधार आहे असं सांगत उभं राहणं सुटलं. त्याची किंमत कुठल्या वहीत लिहिता येत नाही.

अर्थात माझी आई होती पोरांना सांभाळायला. तुमची मुलगी लहान असेल आणि घरी कुणी नसेल तर वरचं सगळं गणित फिरतं, पाळणाघराचे पैसे धरून पुन्हा मांडा. आणि ठेकेदार तीन महिन्यांनी ब्रेक देतो का, म्हणजे मध्येच काम थांबवून घरी बसवतो का, तेही विचारून घ्या.

मागच्या भाऊबीजेला वहिनी मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे माझ्यासाठी काही सुटतंय का बघा ना." दादा बाहेर ओट्यावर बसला होता, त्याला ऐकू गेलं. तो काही बोलला नाही. मी ठेकेदाराचा नंबर दिला, आणि हजेरी कधीपासून धरतात ते आधी विचार, एवढं सांगितलं.

हो, एक राहिलं. निराधारचे पैसे बंद करायचा अर्ज स्वतःहून तहसीलला द्या आणि पोच घ्या. नंतर तपासणीत सापडलं तर वसुली निघू शकते. रेशनचं मात्र मी वर्षभर कार्यालयात सांगितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही तसं करा असं म्हणत नाही. लाडकी बहीणला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तुमचा पगार त्यात बसतो. पण ती आणि निराधार दोन्ही एकत्र मिळत नाहीत, आणि नवीन अर्ज घेतायत का ते अंगणवाडीत विचारूनच तिचे पैसे हिशोबात धरा.