चिठ्ठ्यांचा हिशेब

गेल्या अंकात सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (2008) या कुमारवयीनांसाठीच्या कादंबरीवर मतं मागवली होती. पत्रं आली ती बहुतेक भांडणाच्या सुरातली. बरं वाटलं.

बाई, माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने हे पुस्तक मैत्रिणीकडून आणलंय. 24 मुलं रिंगणात सोडायची, एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि लोकांनी ते टीव्हीवर बघायचं. असलं वाचू द्यावं? – एक आई, डिचोली

काढून घेऊ नका, पांघरुणात शिरून वाचेल. त्यापेक्षा तुम्हीही वाचा, निदान पहिलं प्रकरण. मला रिंगणापेक्षा त्याआधीची, मुलं निवडायची सोडत जास्त भयंकर वाटते. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षाचं धान्य-तेल मिळतं, तेही जेमतेम. या चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, घरात तिघं. वयाच्या 5 आणि धान्याच्या 15, मिळून 20 चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच तोंडं. त्याच्या 42. महापौरांच्या मुलीच्या फार तर पाच. आणि म्हणे सोडत सगळ्यांना सारखी!

आमच्या शाळेच्या वाचनालयात नववीतल्या एका मुलाने हा हिशेब पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडला होता. एरवी मी पुस्तकावर रेघ ओढू देत नाही. तो मात्र खोडला नाही.

तुम्ही डिचोलीच्या, म्हणून आणखी एक. कॅटनिसचा बारावा विभाग कोळशाच्या खाणींचा. तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले. आपल्या गोव्यातल्या खाणी उघड्या, लोहखनिजाच्या, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण अख्खा गाव एकाच धंद्यावर जगतो म्हणजे काय, आणि 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरात काय झालं, हे तुमच्या मुलीने घरीदारी ऐकलेलं असणार. तिला विचारून बघा.

ही परदेशी भयाची खुळं. आपल्या मुलांना हुकूमशाही कशाला दाखवायची? – निवृत्त शिक्षक, फोंडा

सर, हे तुम्ही लिहावं? पोर्तुगीज अमदानीत छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जायचा. सभेला बंदी होती, म्हणून तर 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले. आपल्या मुलांना त्यातली फक्त तारीख पाठ असते, परीक्षेपुरती. घुसमट कशी असते ते त्यांना एखाद्या गोष्टीतून कळलं, तर ती गोष्ट परदेशी असली म्हणून काय बिघडलं?

सिनेमा पाहिलाय. मग पुस्तक का वाचू? – बारावीची विद्यार्थिनी, मडगाव

सिनेमात खेळ चालवणाऱ्यांची खोली दिसते. पुस्तकात सगळं कॅटनिस सांगते, तेही वर्तमानकाळात. तोफ वाजली की कोणीतरी मेलं एवढंच कळतं. कोण, ते रात्री आभाळात चेहरा उमटेपर्यंत तिलाही ठाऊक नसतं आणि तुलाही नसेल. वाच गं.

या मालिकेच्या तिसऱ्या भागात नायिका सतत इस्पितळात! आणि कॅटनिसचा जोडीदार म्हणून तुमचं मत पीटाला की गेलला? – दोघी बहिणी, म्हापसा

तिसरा भाग मधे रेंगाळतो, हे मान्य. पण लेखिकेचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामच्या लढाईत जाऊन आले होते. लढाई संपल्यावर माणूस आपोआप बरा होत नाही हे तिला घरातूनच माहीत असावं. मला तो शेवट खरा वाटला.

माझं मत पीटाला. भर पावसात भुकेल्या मुलीला पाव मिळावा म्हणून तो मुद्दाम करपवणारा आणि त्यापायी आईचा मार खाणारा हा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा पोर. शिवाय गोव्यात राहून पोदेराच्या विरोधात मत देऊ, तर उद्या सकाळी दारात पाव कोण आणील?